कोसमगुड्याच्या ठरावाची सूचना

कोसमगुडा, गडचांदूरमार्गे
२ नोव्हेंबर १९८६

चि. हरिदास यास जयभीम आणि आशीर्वाद.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर तुला दोन तास शोधलं. पुस्तकांच्या दुकानापाशी उभा राहतो म्हणाला होतास. आमदारसाहेबांच्या जीपमागे धावणाऱ्या माणसाला बहीण कुठून दिसणार म्हणा! तुझ्यासाठी आणलेली चारोळी परत आणली आणि शाळेतल्या पोरांत वाटून टाकली. आता मागू नकोस.

भांडायला लिहीत नाही. काम आहे आणि मोठं आहे.

तू इथे एकदाच आलास, सात वर्षांपूर्वी, माझी ट्रंक पोचवायला, आणि चढावरच धाप लागून बसलास. म्हणून पुन्हा सांगते. चाळीसेक घरं, सगळी गोंडांची. वनखात्याच्या कागदावर हे 'वनगाव' आहे, म्हणजे आजे-पणजे इथेच गेले तरी जमीन कुणाच्या नावावर नाही. ज्वारी-तूर पेरतात, मोह-डिंक वेचतात, खात्यानं बोलावलं की रोपवनाच्या कामाला जातात. तुझे भाऊजी गेल्यावर मी एका वर्षासाठी म्हणून इथे बदली घेतली होती. लोकांनी जीव लावला, राहिले.

आता डोंगरात चुनखडी निघाली आहे. एक नवी सिमेंट कंपनी येते आहे. तिचा कारखाना अजून कागदावरच आहे, पण खाण म्हणे नेमकी आमच्या गावावर. गेल्या महिन्यात साखळ्या घेऊन मोजणीवाले आले. लालसूभाऊ म्हणून इथला पाटील आहे, तुला चढावर भेटला होता तो, साठीचा, बोलतो कमी. त्यानं त्यांना पाणी पाजलं आणि परत पाठवलं. तेव्हापासून नाल्यावर पाळीपाळीनं माणसं बसतात, बायासुद्धा. शिवी नाही की हाणामारी नाही, वाटेत बसून राहतात. मोजणी नाही तर नकाशा नाही, नकाशा नाही तर खाणीला परवाना नाही, एवढं त्यांना बरोबर कळलं आहे.

काल लालसूभाऊ शाळेत आला. पायरीवर बसून म्हणाला, "बाई, तुहा भाऊ आमदाराच्या घरी रायते ना? त्याले लिहून पाह्य ना. आमचं कोणी बोलनारं नाई तिथी."

मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. सावली गावातल्या त्या एका खोलीत तुला मी वाढवलं, पाटीवर पहिलं अक्षर माझ्याच हातानं गिरवून घेतलं. ते उगाळत नाही. पण साहेबांच्या कानावर ही गोष्ट घाल. हे गाव उठलं तर पुन्हा कुठे उभं राहणार नाही.

तुझी बाई,
गिरजा

*

आमदार निवास, नागपूर
११ नोव्हेंबर १९८६

ती. बाईस हरिदासचा सविनय जयभीम.

दसऱ्याचं माफ कर. साहेबांना ऐन वेळी भंडाऱ्याला जावं लागलं. पीएची नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या सावलीचा धंदा, सावली हलली की आपण हललो.

तुझं पत्र साहेबांना वाचून दाखवलं. शब्द न् शब्द. ते म्हणाले, "हरिदास, हे आपण करायचं." नत्थूजी साखरवाडे वरून कितीही राजकारणी दिसले तरी आतून मऊ माणूस आहे.

आता नीट वाच, गावालाही समजावून सांग. विधानसभेत मनात आलं की उठून बोलता येत नाही. आधी लेखी सूचना द्यावी लागते, मी अमुक दिवशी अमुक ठराव मांडणार आहे म्हणून. त्यामुळे सरकारलाही कळतं की काय विचारणार आहेत, मंत्र्याला उत्तराची तयारी करता येते. शुक्रवारी शेवटचे अडीच तास सरकारी काम बाजूला ठेवून आमदारांचे स्वतःचे ठराव घेतात. सूचना तर शंभरावर येतात, म्हणून चिठ्ठ्या काढतात. ज्याची चिठ्ठी आधी त्याचा ठराव आधी. तिसऱ्या-चौथ्यानंतर वेळच उरत नाही, बाकीचे छापलेल्या कागदावर राहून जातात.

मसुदा मी लिहिला. सात वेळा खोडला, सात वेळा लिहिला. तुझ्यासाठी उतरवतो:

'चंद्रपूर जिल्ह्यातील कोसमगुडा हे वनगाव चुनखडीच्या खाणीकरिता उठविण्यात येऊ नये व तेथील कुटुंबांस त्यांच्या वहितीच्या जमिनीचे हक्क देण्यात यावेत, अशी ही विधानसभा शासनास शिफारस करीत आहे.'

साहेबांनी खाली सही केली. मी स्वतः जाऊन सचिवालयात दिली आणि शिक्का मारून पोच घेतली. बाई, त्या कागदावर तुझ्या गावाचं नाव माझ्या अक्षरात आहे. खोटं कशाला सांगू, छाती भरून आली.

तब्येतीची काळजी घे. नाल्यावर तू बसत नाहीस ना? सरकारी नोकर आहेस.

तुझा,
हरिदास

*

कोसमगुडा
२० नोव्हेंबर १९८६

चि. हरिदास,

जीते रहो, बाबा. चारोळीचं भांडण मिटलं. पुढच्या वेळी दुप्पट आणीन.

तुझं पत्र मोहाच्या झाडाखाली सगळ्यांसमोर वाचलं. ठरावाचं वाक्य तीनदा वाचायला लावलं त्यांनी. 'शिफारस' म्हणजे काय ते सांगताना माझी भंबेरी उडाली. पण 'सूचना' मात्र सांगावीच लागली नाही.

इथली एक चाल तुला ठाऊक नसेल. गावसभेत कुणाला काही मांडायचं असलं तर तो आठ दिवस आधी मोहाखाली एक गोटा ठेवतो आणि चारचौघांत सांगतो, मी या दिवशी याविषयी बोलणार. ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्यालाही तेव्हाच कळतं, त्यालाही विचार करायला दिवस मिळतात. एकदा गोटा ठेवला की त्या दिवशी उठावंच लागतं. मग ताप असो की पोरीचं लग्न असो. जो उठत नाही तो वर्षभर सभेच्या बाहेर बसतो. त्याला कुणी मत विचारत नाही, सणाच्या पंगतीत त्याचं पान नसतं. तुमची विधानसभा इथूनच शिकून गेली की काय कोण जाणे!

लालसूभाऊ म्हणाला, "म्हंजे आमदारानं गोटा ठेवला."

मी म्हटलं, "हो, ठेवला."

लगेच इसरू आणि वारलू ही दोन तरणी पोरं नाल्यातून एक मोठा गोटा घेऊन आले, साहेबांच्या नावाचा. त्याच्या शेजारी तुझ्या नावाचा एक छोटा. सुकरी म्हणून एक फटकळ बाई आहे, तिची तीन पोरं माझ्या शाळेत आहेत. ती म्हणाली, "छोटा काऊन? लिवलं तं त्यानंच ना?" सगळे हसले. महिन्यात पहिल्यांदा हसले रे.

नाल्यावर बसणं चालूच आहे. मोजणीवाले दोनदा येऊन गेले, एकदा पोलीस घेऊन. जमादार भला होता, बायांना बघून परतला.

आणखी एक. ठरावाच्या दिवशी लालसूभाऊला घेऊन मी नागपूरला येते. वर बसून बघायला पास लागतो म्हणतात. दोन पास काढून ठेव. साहेब उठून बोलतील ते त्याला डोळ्यांनी बघायचं आहे.

तुझी बाई

*

आमदार निवास, नागपूर
३० नोव्हेंबर १९८६

ती. बाईस सविनय जयभीम.

पेढे वाट! चिठ्ठीत आपला ठराव पहिला निघाला. एकशे चौदांत पहिला! शुक्रवार, १२ डिसेंबर. कामकाजाची छापील यादी सोबत पाठवतो आहे, ठराव क्रमांक एक बघ. गावाचं नाव आता सरकारी छापखान्यात छापलं गेलं, ते कुणाच्या बापाला पुसता येणार नाही.

रुषीजी मांडवकर म्हणून विरोधी बाकावरचे एक म्हातारे आमदार आहेत. त्यांनीही कोसमगुड्याचीच सूचना दिली होती. कुणी सांगितलं त्यांना देव जाणे. मी त्यांना भेटून म्हटलं, आमचा पहिला आलाय, एकाच विषयावर दोन कशाला? भला माणूस, त्यांनी आपली मागे घेतली. आता मैदान मोकळं आहे.

आता एक गोष्ट मन लावून ऐक. नाल्यावरचं बसणं आता उठवा. विषय सभागृहापुढे आलेला आहे. अशा वेळी गावानं सरकारी कामात अडथळा आणला की मंत्री उठून म्हणणार, हे कायदा मोडणारे लोक आहेत, यांच्यासाठी कसला ठराव? साहेबांच्या शिडातली हवाच निघून जाईल. मोजणी होऊ द्या. मोजल्यानं गाव जात नाही, बाई. ठराव झाला की तो नकाशा रद्दीत जाईल. साहेबांनी खास निरोप दिला आहे, गावानं माझ्यावर भरवसा ठेवावा.

लोक माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. तू शब्द दे.

पास मात्र मिळत नाहीत. या अधिवेशनात फार गर्दी आहे. उगाच थंडीत म्हाताऱ्याला घेऊन दगदग करू नकोस. सगळं मी सविस्तर लिहीन.

माझंही काही चांगलं होण्याची चिन्हं आहेत. झालं की आधी तुलाच कळवीन.

हरिदास

*

कोसमगुडा
६ डिसेंबर १९८६

चि. हरिदास,

आज बाबासाहेबांचा दिवस. सकाळी शाळेत तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, पोरांना चार शब्द सांगितले, आणि आता लिहायला बसले आहे.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे झालं. सोपं नव्हतं. छापील यादी हातोहात फिरली, ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही बोट ठेवून बघितली. पण नाल्यावरून उठायला कुणी तयार होईना. सुकरी तर मला तोंडावर म्हणाली, "बाई, गोटा ठेवनारा उठाच्या आधी आमीच काऊन उठाव?" मग म्हटलं, माझा भाऊ आहे तिथे. मी त्याला हातानं वाढवलं आहे. तो मला खोटं सांगणार नाही. हा माझा शब्द.

लालसूभाऊनं छापील यादी घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "बाईचा शबूद हाय. उठा."

दोन तारखेला उठले. तीन तारखेला मोजणीवाले आले. तीन दिवसांत सगळं उरकलं. चुना फासलेले खांब रोवून गेले, एक तर शाळेच्या अंगणात, मुलं लंगडी खेळतात त्या जागी. सोमारी म्हणून एक बाई आहे, तिच्या घराच्या मधोमध रेघ जाते म्हणे. तिनं मोजणीवाल्याला विचारलं, "चूल कोनत्या अंगाले येते?" त्यानं साखळी ओढून पुढचा खांब रोवला.

हरिदास, सहा दिवस राहिले. साहेबांना म्हणावं, मोठमोठं बोलू नका, फक्त उठा.

तुझी बाई

*

कोसमगुडा
१७ डिसेंबर १९८६

चि. हरिदास,

बारा तारीख होऊन पाच दिवस झाले. तुझं पत्र नाही. रेडिओवर ठरावाचं काही सांगितलं नाही, पेपर इथे येत नाही. काय झालं? साहेब उठले का? काय बोलले? मंत्री काय म्हणाले?

जसं झालं तसं लिही. वाईट असलं तरी लिही. मी रागावणार नाही.

बाई

*

आमदार निवास, नागपूर
२४ डिसेंबर १९८६

ती. बाईस सविनय जयभीम.

पत्राला उशीर झाला. खरं सांगायचं तर लिहायला हातच उचलत नव्हता.

अकरा तारखेच्या संध्याकाळी साहेबांना अचानक ताप भरला. अंगात एकशे चार. डॉक्टरांनी हलू दिलं नाही. बारा तारखेला सकाळी ते म्हणत होते, मला उचलून न्या, पण मी उठणार! शुद्ध नव्हती त्यांना. दुपारी अध्यक्षांनी ठराव पुकारला, साहेब जागेवर नाहीत. नियम फार निर्दय आहेत, बाई. सभासद हजर नसला की त्याचा ठराव गेला. त्याच्या वतीनं दुसऱ्याला मांडता येत नाही. मी बाहेरच्या व्हरांड्यात उभा होतो. क्रमांक दोन पुकारलेला ऐकला आणि डोळ्यांत पाणी आलं.

कुणाचाच दोष नाही. नशिबात नव्हतं. लालसूभाऊंना सांग, साहेबांनी फार मनाला लावून घेतलं आहे.

आता व्यवहाराचं बोलू. मोजणी झालीच आहे. परवाना थांबणार नाही असं दिसतं. सरकार सपाटीवर रस्त्याच्या कडेला जागा देतं आहे, दवाखाना जवळ, शाळा जवळ. माझं ऐकशील तर लोकांचं मन वळव. डोंगरावर काय ठेवलंय?

आणि एक आनंदाची बातमी. त्याच नव्या कंपनीत मला नोकरी मिळाली, जनसंपर्क अधिकारी. एक जानेवारीपासून गडचांदूरला. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे अंगण. तू म्हणशील, त्याच कंपनीत कसा? पण विचार कर, गावातल्या पोरांना लावून घ्यायला आपला माणूस आत असलेला बरा ना? एक खोली तुझी. किती वर्षं एकटी राहशील? तू मला वाढवलंस, आता मला तुझं करू दे.

तुझा,
हरिदास

*

कोसमगुडा
४ जानेवारी १९८७

हरिदास,

बारा डिसेंबरला दुपारी मी विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत बसले होते. लालसूभाऊ माझ्या शेजारी होता.

तू पास मिळत नाहीत म्हणालास. मी रुषीजी मांडवकरांना कार्ड टाकलं. त्यांचं नाव तूच कळवलं होतंस. त्यांनी उलट टपाली दोन पास पाठवले, वर लिहिलं, 'अवश्य या, जागा भरपूर असते.' जागा खरंच भरपूर होती. आमची अख्खी रांग रिकामी होती.

तुझ्या साहेबांना ताप नव्हता. पांढरेशुभ्र कपडे घालून ते दुसऱ्या बाकावर बसले होते आणि सुपारी कातरत होते. अध्यक्षांनी ठराव क्रमांक एक पुकारला, नाव घेतलं. साहेब उठले. लालसूभाऊनं माझा हात घट्ट धरला. साहेब म्हणाले, "अध्यक्ष महाराज, मी माझा ठराव मांडत नाही." आणि बसले. एवढंच. पापणी लवायच्या आत क्रमांक दोन.

लालसूभाऊनं विचारलं, "उठला तं होता ना, बाई? मंग काय झालं?" मला त्याला समजावता येईना. इथे उठतात ते बोलायला उठतात. न बोलण्यासाठी कुणी उठतं हे त्याच्या डोक्यात शिरेना. माझ्याही शिरलं नव्हतं.

रुषीजी ताडकन उभे राहिले. ओरडले, यांनी मांडला नाही तर मी मांडतो, यांच्या भरवशावर मी माझी सूचना मागे घेतली! अध्यक्ष म्हणाले, तुमच्या नावावर सूचना नाही, बसा. मग मंत्र्यांनी एक कागद वर धरला आणि हसत म्हणाले, सन्माननीय सभासदांनी मला आधीच लेखी कळवलं आहे, गावकऱ्यांचा मोजणीला काहीही विरोध उरलेला नाही, गाव समाधानी आहे.

त्या कागदाची नक्कल रुषीजींनी मिळवली आणि मला दाखवली. खाली सही साहेबांची. वरच्या दहा ओळी तुझ्या हाताच्या. तारीख २८ नोव्हेंबर. हरिदास, अठ्ठावीस तारखेला गाव नाल्यावर बसलेलं होतं! त्या दिवशी पाळी वारलूची होती, शाळा सुटल्यावर मी स्वतः त्याला भाकर नेऊन दिली. विरोध उरला नाही असं तू आधी लिहून दिलंस, आणि मग दोन दिवसांनी मला पत्र लिहून तो विरोध माझ्याच तोंडून उठवलास. पेढे वाट म्हणालास. मी गूळ वाटला रे, घरोघरी.

आम्ही पायऱ्या उतरून आवारात आलो. तू झाडाखाली उभा होतास. दोन सुटाबुटातली माणसं आणि तू, चहा पीत होतात. तू खांदे हलवून हसत होतास, तुझं लहानपणापासूनचं हसू, मी कुठेही ओळखीन. लालसूभाऊ तुला सात वर्षांपूर्वी चढावर भेटला होता. तो म्हणाला, "बाई, तो तुहा भाऊच दिसून राह्यला ना?"

मी म्हटलं, "नाही. तो नव्हे."

पण त्याला कळलं. बसमध्ये त्यानं आपलं घोंगडं माझ्या अंगावर घातलं आणि स्वतः कुडकुडत बसला.

तरी मी तुला सतरा तारखेला पत्र लिहिलं. काय झालं म्हणून विचारलं. मला सगळं माहीत होतं. एकच बघायचं होतं, तू मला खरं लिहितोस का. बाई, मी घाबरलो, मला नोकरीचं आमिष दाखवलं, मी चुकलो, असं चार ओळींत लिहिलं असतंस तर मी गडचांदूरला येऊन तुझ्या थोबाडीत मारली असती आणि मग तुला पोटाशी धरलं असतं. तू एकशे चार ताप लिहिलास. डोळ्यांत पाणी आलं म्हणून लिहिलंस.

गावसभा झाली. मी उभी राहून सगळं सांगितलं, तुझं शेवटचं पत्रही वाचून दाखवलं, क्वार्टरसकट. कुणी शिवी दिली नाही. सुकरी उठली, आपल्या तिन्ही पोरांना हाताशी धरून निघून गेली. ती पोरं अजून शाळेत आलेली नाहीत. गोटा ठेवून न उठणाऱ्यानं बाहेर बसायचं असतं. साहेब इथे येणार नाहीत, तूही येणार नाहीस. मग मीच उठून बाहेर जाऊन बसले. लालसूभाऊ म्हणाला, "बाई, तू काऊन?" मी म्हटलं, शब्द माझा होता. परवाचा सण झाला, माझं पान नव्हतं. मी घरी भात शिजवून खाल्ला. सात वर्षांत या गावात मी पहिल्यांदा एकटी जेवले. हे तू मला दिलंस.

गाव काही जागचं हललेलं नाही. आता खाली सडकेवर बसतात, यंत्रं येतील तेव्हा अडवायला. जमेल की नाही ठाऊक नाही. नकाशा झाला आहे, होळीनंतर उठायची नोटीस आली आहे. नाल्यावर असताना जे हातात होतं ते आता नाही. ते तू घालवलंस आणि मी घालवलं. तू जाणूनबुजून, मी आंधळेपणानं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते.

मार्चमध्ये मुंबईला अधिवेशन आहे. खोट्या पत्रावरून मंत्र्यांकडून सभागृहाची दिशाभूल झाली, म्हणून रुषीजी हक्कभंगाची सूचना देणार आहेत. त्यांनी मला पुरावा मागितला. तुझी तिन्ही पत्रं मी त्यांना देणार आहे. मला साक्षीला बोलावलं तर जाईन. जिल्हा परिषद नोकरी काढून घेईल, घेऊ दे. तुझी नवी नोकरी जाईल. कंपनीला असा माणूस चव्हाट्यावर आलेला चालत नाही. कदाचित त्याहून वाईट होईल. विचार करून लिहिते आहे, रागाच्या भरात नाही. आठ दिवस विचार केला.

रुषीजी म्हणाले, एखाद्या सभासदावर आरोप करायचा तर त्याला आधी कळवावं लागतं, त्याला उत्तराची तयारी करता यावी म्हणून. तुझ्या साहेबांना ते रीतसर कळवतील. तू सभासद नाहीस. तुला कुणी कळवणार नव्हतं. म्हणून मी कळवते आहे. ही सूचना समज. हे पत्र रजिस्टरनं पाठवते आहे, पोस्टमन सही घेईल, तेव्हा मिळालं नाही म्हणता येणार नाही.

तयारी करायला तुला दोन महिने आहेत. वाटलं तर म्हण, ते अक्षर माझं नाही. तिथे मला तो कागद दाखवतील आणि विचारतील, हे कुणाचं अक्षर? नागपूरच्या आवारात मी खोटं बोलले, तिथे बोलणार नाही. सांगीन की हे अक्षर मी शिकवलेलं आहे आणि हा माझा सख्खा भाऊ आहे.

गिरजाबाई सोमाजी उंदिरवाडे
शिक्षिका, कोसमगुडा